४ टीबीची डिस्क ४६५ जीबी दाखवते. आणि नवीन १८ टीबीला पार्टिशन कशाने पाडू?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात माझा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. मुख्य काम लग्नांचं. प्रश्न दोन आहेत, पण पहिल्याने झोप उडालीय म्हणून तो आधी.

२०१४ साली घेतलेली ४ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आहे, टेबलावर ठेवून वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी. २०१२ ते २०१८ मधली माझी सगळी लग्नं तिच्यात आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा स्टुडिओत छातीएवढं पाणी होतं. दोन पीसी गेले, कपाटातल्या डीव्हीडी गेल्या. ही डिस्क मी पहिल्याच दिवशी पिशवीत घालून विश्रामबागला बहिणीकडे नेली होती, म्हणून ती राहिली. पुढे वर्षभर लोक येत होते. घरातले अल्बम चिखलात गेलेत, तुमच्याकडे काही आहे का म्हणून विचारायचे. ज्यांना दिलं त्यांना याच डिस्कमधून दिलं. दुसरी प्रत नाही. दर दिवाळीला करायची ठरवायचो आणि सीझन सुरू व्हायचा.

गेल्या आठवड्यात तिच्या खोक्याचा यूएसबी पोर्ट आतून सुटला. मी खोकं उघडून डिस्क बाहेर काढली आणि एडिटिंगच्या पीसीला साटा केबलने थेट लावली. बायोसमध्ये ४ टीबी नीट दिसते. विंडोज १० च्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र ४६५.७५ जीबीचं एकच पार्टिशन दिसतं, त्यावर 'रॉ' लिहिलंय. उरलेली जागा दोन तुकड्यांत, काळी पट्टी, अनअलोकेटेड. ड्राइव्ह उघडायला गेलं की फॉरमॅट करायचं का विचारतं. मी कॅन्सल केलंय. त्यानंतर कशालाही हात लावलेला नाही.

दुसरा प्रश्न: १८ टीबीची नवीन डिस्क आणलीय, अजून पाकिटातच आहे. ओळखीचा एक मुलगा म्हणतो, पार्टिशनचं पेड सॉफ्टवेअर क्रॅक करून देतो, त्यात जुन्या डिस्कचं पार्टिशन 'एक्स्टेंड' करून पूर्ण ४ टीबी करू आणि नवीन डिस्कचे सहा ड्राइव्ह पाडू. उद्या संध्याकाळी तो येणार आहे. येऊ देऊ का?

वारणाकाठ | सोमवार, रात्री १०.२२

नको. उद्या त्याला चहाला बोलवा, डिस्कला हात लावू देऊ नका. साटाची केबल काढून डिस्क बाजूला ठेवा. 'एक्स्टेंड' केलं की जुन्या पार्टिशन टेबलवर (कुठलं पार्टिशन कुठून कुठवर, ही डिस्कवरची नोंद) नवीन लिहिलं जातं, आणि तुमच्याकडे आत्ता तेवढाच एक पुरावा शिल्लक आहे.

मिरज जंक्शन | सोमवार, रात्री १०.५१

कृष्णाकाठ दादा, मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या संगणक विभागात आहे. एक्स-रे, सीटी यांच्या फाइली सांभाळणं हेच रोजचं काम. तुमचा आकडा वाचला आणि लगेच कॅल्क्युलेटर काढला.

४ टीबीची डिस्क विंडोजच्या मोजणीत ३७२६ जीबी भरते. ३७२६ ला ८ ने भागा. ४६५.७५ येतात.

तुमचं पार्टिशन बरोबर एक अष्टमांश दिसतंय, आणि डिस्क खराब होऊन असा नेमका आकडा येत नाही. डेटा बहुतेक जागच्या जागी आहे. दोन गोष्टी सांगा: २०१४ मध्ये स्टुडिओत विंडोज कोणती होती? आणि डिस्क चालू असताना टकटक असा आवाज येतो का?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०.५८

तेव्हा एडिटिंगला विंडोज ७ होती आणि प्रिंटिंगच्या पीसीवर एक्सपी. डिस्क दोन्हीवर चालायची. आवाज काही नाही, पूर्वीसारखीच शांत फिरते. पण दादा, आठच का?

मिरज जंक्शन | सोमवार, रात्री ११.४०

सविस्तर लिहितो, कारण हे कळलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

डिस्कवर जागा सेक्टरमध्ये मोजतात. जुना हिशोब ५१२ बाइटचा एक सेक्टर. एमबीआर ही पार्टिशनची जुनी वही, १९८३ च्या डॉस २.० पासूनची. तिच्यात पार्टिशन कुठे सुरू होतं आणि किती सेक्टरचं आहे, हे लिहायला ३२ बिटांचा रकाना आहे. त्यात मावणारी मोठ्यात मोठी संख्या साधारण ४२९ कोटी ४९ लाख. तिला ५१२ ने गुणा. २.२ टीबी होतात, विंडोजच्या मोजणीत २ टीबी. एमबीआरची २ टीबीची हद्द म्हणतात ती हीच. तुमची काळी पट्टी दोन तुकड्यांत का आहे, तेही यातूनच कळतं: पहिला तुकडा २ टीबीच्या हद्दीपर्यंतचा, दुसरा हद्दीपलीकडचा.

यावर उपाय म्हणून जीपीटी ही नवी वही आली. तिच्यात रकाना ६४ बिटांचा. पण ३२ बिटांच्या एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही, आणि ३-४ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्क बाजारात आल्या तेव्हा एक्सपीवाले गिऱ्हाईक भरपूर होते. मग खोक्यातल्या यूएसबीच्या सर्किटमध्ये युक्ती केली गेली. ते सर्किट संगणकाला सांगायचं, माझा सेक्टर ५१२ चा नाही, ४०९६ बाइटचा आहे. त्याच ३२ बिटांच्या रकान्यात मग आठपट, म्हणजे १६ टीबीपर्यंत जागा मावते. म्हणून तुमची ४ टीबी एमबीआर असूनही एक्सपीवर चालली.

आता खोकं गेलं. डिस्क स्वतः साटावर ५१२ चा हिशोब सांगते. वहीत लिहिलंय 'अमुक इतके सेक्टर', ते लिहिताना सेक्टर ४०९६ चा होता, वाचताना ५१२ चा धरला जातोय. हातात लिहिल्याप्रमाणे मोजायला गेलात आणि पट्टी वितीची धरलीत, तर शेत लहान निघणारच. सुरुवातही चुकीच्या जागी दिसते, म्हणून विंडोजला तिथे फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी) सापडत नाही आणि ती 'रॉ' म्हणते.

सगळ्यात सोपा उपाय: त्याच मॉडेलचं चालू खोकं मिळवा आणि डिस्क त्यात बसवा. बहुधा सगळं पूर्वीसारखं उघडेल. बाजारातलं कुठलंही खोकं चालणार नाही, कारण बरीचशी ५१२ चाच हिशोब सांगतात.

हळदपेठ | मंगळवार, सकाळी ७.०५

टेस्टडिस्क हे हरवलेलं पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर चालवा आणि सापडलेलं पार्टिशन 'राइट' करून टाका की. माझी १ टीबी अशीच परत आली होती.

मिरज जंक्शन | मंगळवार, सकाळी ७.३०

हळदपेठ भाऊ, टेस्टडिस्क चांगलंच आहे, मीही वापरतो. पण तुमच्या १ टीबीचं टेबल गेलं होतं आणि इथे टेबल शाबूत आहे, फक्त पट्टी बदललीय. ५१२ चा हिशोब धरून 'राइट' केलं तर चांगली वही खोडून चुकीची लिहिल्यासारखं होईल. पुढे खोकं मिळालं तरी मग उपयोग नाही. टेस्टडिस्कच्या जॉमेट्रीच्या मेनूत सेक्टरचा आकार ४०९६ करता येतो, तसं करून नुसतं बघायला हरकत नाही. लिहायचं मात्र काहीही नाही.

हळदपेठ | मंगळवार, सकाळी ७.४४

बरोबर आहे. आधीचा सल्ला मागे घेतो, कुणी तसं करू नका.

अजिंक्यतारा | मंगळवार, दुपारी १.२०

साताऱ्याहून लिहितोय, कॉलेजात लॅब सांभाळतो. खोकं शोधायची गरज पडणार नाही असं वाटतं. २०१४ चं मॉडेल मिळणंही अवघड.

लिनक्समध्ये लूप डिव्हाइस नावाची सोय आहे. एखादी फाइल किंवा अख्खी डिस्क दुसऱ्या खोट्या डिस्कच्या रूपात समोर ठेवता येते, आणि त्या खोट्या डिस्कचा सेक्टर किती बाइटचा ते आपण सांगू शकतो. म्हणजे खोक्यातलं सर्किट जे करत होतं, तेच आपण सॉफ्टवेअरने करायचं. आदेशाचं नाव लॉसेटअप. त्याला तीन पर्याय द्यायचे: सेक्टर-साइझ ४०९६, पार्टस्कॅन आणि रीड-ओन्ली. रीड-ओन्ली विसरायचं नाही, त्यामुळे चुकूनही मूळ डिस्कवर एक बाइट लिहिला जात नाही. मग लूपच्या खाली पहिलं पार्टिशन उगवेल, पूर्ण आकाराचं. तेही रीड-ओन्लीच माउंट करा, म्हणजे उघडा.

पेन ड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू घ्या, ते पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स आहे, त्यात हे सगळं आहे. मात्र त्याआधी स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघा. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग (नीट वाचता न येणारे) सेक्टर या दोन ओळींसमोर शून्य असेल तर पुढे जा. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर थांबा. तेव्हा आधी डीडीरेस्क्यूने अख्खी डिस्क दुसरीकडे उतरवायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १.४५

सर, मी लिनक्स कधी वापरलेलं नाही. एका अक्षराने चुकलो तर?

अजिंक्यतारा | मंगळवार, दुपारी १.५८

रीड-ओन्ली लावलं असेल तर चुकून फार तर काही दिसणार नाही, जाणार काही नाही. पण पीसीतल्या बाकीच्या डिस्कच्या केबली आधी काढून ठेवा, एसएसडीचीसुद्धा. सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालते, तिला त्या लागत नाहीत. समोर एकच डिस्क असली की कुठली कुठली हा प्रश्नच उरत नाही.

वारणाकाठ | मंगळवार, दुपारी २.३०

अजिंक्यतारा सरांचं केबलीचं वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवा. यामागचा माझा अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी नवीन डिस्क जीपीटी करायला मी विंडोजचं डिस्कपार्ट उघडलं. 'सिलेक्ट डिस्क २' लिहायचं होतं, १ लिहिलं. मग 'क्लीन'. डिस्कपार्ट 'क्लीन' करताना खात्री करून घेत नाही, एंटर दाबलं की झालं. डिस्क १ वर आमच्या दूध संकलनाचा सहा वर्षांचा हिशोब होता.

नशिबाने साधं 'क्लीन' होतं, 'क्लीन ऑल' नव्हतं. साधं 'क्लीन' टेबल पुसतं, आतला डेटा पुसत नाही. 'क्लीन ऑल' सगळ्या डिस्कवर शून्य लिहितं. टेस्टडिस्कने रात्रभर शोधून पार्टिशन परत मिळवलं. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. तेव्हापासून डिस्कपार्ट उघडायच्या आधी मी बाकीच्या डिस्क काढतो, आणि निवडल्यावर 'डिटेल डिस्क' टाकून नाव आणि आकार मोठ्याने वाचतो.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १२.१०

मंडळी, दिसलं!!

स्मार्टमध्ये दोन्ही शून्य. बाकीच्या केबली काढल्या, लॉसेटअप सरांनी सांगितल्याप्रमाणे. पहिल्यांदा पार्टिशन आलं नाही, कारण पार्टस्कॅन लिहायचं राहिलं होतं. दुसऱ्यांदा ३.६४ टीबीचं पार्टिशन आलं. माउंट केलं आणि फोल्डर ओळीने उभे. २०१३ च्या मे महिन्यातलं तासगावचं एक लग्न उघडून बघितलं, सनईच्या आवाजासकट. बायकोला उठवून दाखवलं.

आता उतरवायला जागा हवी, म्हणजे १८ टीबीची डिस्क लागणार. तर दुसरा प्रश्न आता घेऊ. तिला कशाने आणि कसं पार्टिशन पाडू? ती पुढे याच विंडोजच्या पीसीत कायम राहील.

कासपठार | बुधवार, सकाळी ८.१५

कृष्णाकाठ दादा, वाचून फार बरं वाटलं. मीही साताऱ्यात फोटोग्राफी करते, पण मॅकवर. एवढंच सांगते की डिस्क एका जातीच्या सिस्टिमवर कायम राहणार असेल, तर पार्टिशन त्याच सिस्टिमच्या साधनाने पाडा. मी मॅकच्या डिस्क युटिलिटीने एक्सफॅट फाइल सिस्टिम करून डिस्क मॅक आणि विंडोज दोन्हीकडे फिरवायचे. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नसतं. शूटिंगच्या ठिकाणी लाइट गेली आणि एका फोल्डरमधल्या फाइली गेल्या. आता मॅकची मॅकलाच आणि देवाणघेवाणीला वेगळी छोटी डिस्क.

खानभाग | बुधवार, सकाळी ९.०२

अवांतर: दुकानाच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये ८ टीबी टाकायचीय. तिला आधी पीसीवर जीपीटी करू का?

मिरज जंक्शन | बुधवार, सकाळी ९.१०

नको. डीव्हीआर स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो, तुम्ही केलेलं पुसूनच टाकेल. फक्त तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात एका पोर्टला किती टीबी चालते ते बघून मग डिस्क घ्या.

मिरज जंक्शन | बुधवार, सकाळी ११.३५

आता १८ टीबी. 'कोणतं सॉफ्टवेअर चांगलं' असं सगळेच विचारतात, पण मला विचाराल तर त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: डिस्क कुठल्या वाटेने जोडणार, आणि ती वाट किती बाइटचा सेक्टर सांगते. तुमच्या जुन्या डिस्कचं सगळं रामायण तिथूनच झालं.

विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. कंपोनंट्स, स्टोरेज, डिस्क्स. तिथे 'बाइट्स पर सेक्टर' असं लिहिलेलं असतं. बहुतेक मोठ्या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ चा असतो, पण त्या बाहेर ५१२ सांगतात, त्यांना ५१२-ई म्हणतात. काही सर्व्हरच्या डिस्क उघडपणे ४०९६ सांगतात, त्या ४के-एन. तुमचा एसएसडीवाला पीसी विंडोज १० चा आहे, त्यामुळे दोन्ही चालतील. पण नवीन डिस्क पहिल्या दिवसापासून साटावर लावा आणि साटावरच पार्टिशन पाडा. एखाद्या यूएसबी डॉकमध्ये पार्टिशन पाडून मग आत बसवू नका. डॉक ४०९६ सांगणारा निघाला तर जीपीटीचंही तसंच होतं. तिचा मथळा दुसऱ्या सेक्टरमध्ये असतो, पट्टी बदलली की तो त्या जागी सापडत नाही.

साधन म्हणाल तर तुमच्यासाठी विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट पुरेसं आहे. नवीन डिस्क दिसली की इनिशियलाइझ विचारेल, तिथे जीपीटी निवडा. पीसी जुन्या बायोसचा आहे की यूईएफआय, याचा डेटाच्या डिस्कशी संबंध नाही, तो प्रश्न फक्त विंडोज ज्या डिस्कवरून सुरू होते तिच्यापुरता. १६ एमबीचं एक छोटं राखीव पार्टिशन विंडोज आपोआप करते, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते दिसतही नाही. दुसऱ्या कुठल्या साधनात दिसलं तर काढू नका.

आता १८ टीबीला एक जागा आहे जिथे लोक अडकतात. विंडोजच्या मोजणीत ती १६.३७ टीबी. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये क्लस्टर, म्हणजे फाइलला जागा देण्याचा सगळ्यात लहान तुकडा, ४ केबीचा ठेवला तर एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे जात नाही. विंडोजला 'डिफॉल्ट' वर सोडलं तर ती आपण होऊन ८ केबी घेते. पण जुन्या डिस्कचं पार्टिशन क्लोन करून ताणलंत, किंवा कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने ४ केबी निवडलंत, तर शेवटचे ०.३७ टीबी जोडताच येणार नाहीत. व्हिडिओच्या मोठ्या फाइलींना मी ६४ केबी ठेवतो. १७-१८ टीबीच्या डिस्कवर थोडी जागा वाया जाते ती नगण्य.

फॉरमॅट 'क्विक' करायचं की पूर्ण? पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर लिहितो. सरासरी सेकंदाला १८० एमबी धरले तर १८ टीबीला २८ तास लागतात. नवीन डिस्क आणि भरवसा ठेवायचाय, तर मी एकदा तरी पूर्ण करतो. नवीन डिस्क बिघडायची असेल तर बऱ्याचदा सुरुवातीलाच बिघडते, आणि तेव्हा ती रिकामी असलेली बरी.

अजिंक्यतारा | बुधवार, दुपारी ३.०५

लिनक्सवाल्यांसाठी तिकडच्या पार्टिशनच्या साधनांची भर घालतो, कारण जुन्या नोट्स वाचून अजून गोंधळ होतो.

'एफडिस्कला २ टीबीच्या वरची डिस्क जमत नाही' हे आमच्या लॅबच्या जुन्या पुस्तकात आहे आणि मुलं अजून तेच लिहितात. युटिल-लिनक्स या साधनसंचाच्या २.२३ पासून, म्हणजे २०१३ पासून, एफडिस्कला जीपीटी येते. एसएफडिस्कला २.२६ पासून. आज यातलं कुठलंही चालेल. निवडताना मी वेगळी कसोटी लावतो: डिस्कवर लिहितं कधी?

पार्टेड तुम्ही एंटर दाबता त्या क्षणी लिहितं. एफडिस्क आणि जीडिस्क सगळे बदल मेमरीत धरून ठेवतात. 'डब्ल्यू' दाबेपर्यंत डिस्कला स्पर्श नाही, 'क्यू' दाबून निघून गेलात तर काहीच झालेलं नसतं. जीपार्टेड कामांची यादी करतं आणि 'अप्लाय' म्हटल्यावर सुरू करतं. ज्याचा हात बसलेला नाही त्याला मी पार्टेड देत नाही. स्क्रिप्टमध्ये तेच सोयीचं, पण हाताने काम करायचं तर जीडिस्क.

जीडिस्क रॉड स्मिथ यांनी लिहिलंय, फक्त जीपीटीसाठी. त्याच्या रिकव्हरीच्या मेनूवर माझा फार जीव आहे. जीपीटी आपली प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवते आणि दोन्हींना तपासणीचा आकडा असतो. पुढची बिघडली तर मागचीवरून उभी करता येते. लहान डिस्क मोठीवर क्लोन केली की मागची प्रत मधेच अडकून राहते. जीडिस्कच्या एक्स्पर्ट मेनूत 'ई' दाबलं की ती शेवटाला जाते, 'डब्ल्यू' ने लिहायचं. एसजीडिस्कने टेबलची प्रत एका छोट्या फाइलमध्ये काढता येते. आमच्या लॅबच्या प्रत्येक डिस्कची अशी फाइल मी छापील नावासह वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवलीय.

सुरुवातीचा सेक्टर २०४८ असू द्या, म्हणजे बरोबर १ एमबीवर. जुनं एफडिस्क ६३ वर सुरू करायचं. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे आतले ४०९६ चे सेक्टर अर्धे इकडे अर्धे तिकडे पडतात आणि प्रत्येक लिहिण्याला डिस्क आधी वाचते, मग लिहिते. आजची साधनं १ एमबी आपणहून धरतात. जुन्या सीडीवरचं काही वापरत असाल तर तपासा.

ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम करणाऱ्यांनी एक बघा: ते ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवतं. १८ टीबीला ते ९०० जीबी होतात. नुसत्या साठवणीच्या डिस्कला ट्यून२एफएसने शून्य किंवा १ टक्का करा.

हळदपेठ | बुधवार, संध्याकाळी ६.२०

सहा ड्राइव्ह पाडायचे की एकच, हे राहिलं. मी तरी वर्षाप्रमाणे पाडेन. एक बिघडला तर बाकीचे राहतात.

मिरज जंक्शन | बुधवार, संध्याकाळी ६.४८

एकाची फाइल सिस्टिम बिघडली तर बाकीचे राहतात, हे खरं. पण डिस्कच गेली तर सहाही जातात. आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी डिस्कच्याच असतात. शिवाय चौथा ड्राइव्ह भरतो तेव्हा दुसऱ्यात जागा पडून असते, आणि मग एक बारीक करून दुसरा वाढवायचा मोह होतो. डेटा भरलेलं पार्टिशन सरकवणं हे मोठ्या डिस्कवरचं सगळ्यात धोक्याचं काम. पार्टिशनची सुरुवात सरकवायची तर आतलं सगळं उचलून नवीन जागी लिहावं लागतं, १०-१२ तास सहज. आपल्याकडे उन्हाळी वळवाचा पाऊस आला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि यूपीएस वीस मिनिटांचा. मधेच बंद पडलं तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. वर्षं वेगळी ठेवायला फोल्डर आहेत.

कासपठार | बुधवार, संध्याकाळी ७.१०

मी दोन करते, एक चालू कामाला, एक साठवणीला. डिस्कच्या बाहेरच्या कडेचा वेग आतल्यापेक्षा बराच जास्त असतो आणि पहिलं पार्टिशन तिकडे येतं. एडिटिंगला फरक जाणवतो. पण चालू काम एसएसडीवर असेल तर याची गरज नाही.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ९.३०

चालू काम एसएसडीवरच असतं, म्हणून एकच केलं. डिस्क मॅनेजमेंट, जीपीटी, एनटीएफएस, क्लस्टर ६४ केबी, पूर्ण फॉरमॅट. बुधवारी संध्याकाळी लावलं, आज पहाटे संपलं. एकही खराब सेक्टर नाही.

त्यानंतर कॉपी लिनक्समधूनच केली, जुनी डिस्क रीड-ओन्ली, फक्त या दोनच डिस्क जोडलेल्या. ३.२ टीबीला साडेसात तास लागले. आता दोन्हीकडच्या फाइलींचे हॅश (फाइलमधल्या डेटावरून काढलेले तपासणीचे आकडे) जुळवायचं काम चालू आहे, निम्म्याच्या वर झालंय आणि आतापर्यंत सगळे जुळलेत. तो मुलगा मंगळवारी आला होता. त्याला हा धागा दाखवला, बसून पूर्ण वाचला त्याने. कॉपीच्या वेळी तोच सोबत होता.

अजिंक्यतारा सर, जुन्या डिस्कचं काय करू? आता ती साटावर नीट जीपीटी करून वापरात घेऊ का?

अजिंक्यतारा | शुक्रवार, रात्री ९.५२

आत्ता नको. २०१४ ची डिस्क आहे आणि तिच्यावर चालू स्थितीतली दुसरी प्रत आयती आहे. काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा आणि वर चिठ्ठी लावा: 'सेक्टर ४०९६ धरूनच उघडणे, लॉसेटअप, रीड-ओन्ली'. पाच वर्षांनी तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला ते आठवणार नाही. आणि १८ टीबीची दुसरी प्रत नव्या डिस्कवर घ्या, ही जुनी त्या हिशोबात धरू नका.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०.०५

चिठ्ठी लिहिली. जुनी डिस्क परत विश्रामबागला बहिणीकडे जाईल, माळ्यावर. दुसऱ्या १८ टीबीसाठी पुढच्या महिन्यातल्या दोन लग्नांचे पैसे बाजूला काढायचं ठरवलंय. २०१९ मध्ये ज्यांना 'तुमचं शोधून देतो' म्हणालो होतो आणि राहिलं होतं, अशी सात नावं जुन्या वहीत सापडली. त्यांना उद्यापासून फोन करतो.

वारणाकाठ | शुक्रवार, रात्री १०.११

त्यात बोरगावचं कुणी असेल तर कळवा. पेन ड्राइव्ह मी पोचवतो.